लक्ष कुठंय? मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र योग शिकवताना

मिरजेत आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी सव्वासातला मी मुलांचा आणि त्यांच्या घरच्यांचा एकत्र योगवर्ग घेते. नऊ वर्षं झाली. मुलं मला ‘योगाच्या काकू’ म्हणतात, मोठी माणसंही आता तेच म्हणायला लागलीत. ‘आमच्या इथंही सुरू करायचंय, कसं करू?’ असं विचारणारे फोन येतात आणि मी पोळ्या लाटता लाटता तुकड्यातुकड्यानं सांगते. तेच आज सलग लिहून काढते.

आधी जमिनीचं बघा. महागड्या मॅटा कुणाला विकत आणायला लावू नका, घरची सतरंजी पुरते. पण गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. वृक्षासनात, म्हणजे एका पायावर, उभा असलेला सात वर्षांचा मुलगा सतरंजीसकट घसरला, हनुवटीला दोन टाके पडले. चूक माझी होती. मी वीस अंक मोजत होते आणि तो ‘मी पडणार नाही’ म्हणून दात आवळून उभा होता. तेव्हापासून उभ्यानं करायची आसनं अनवाणी, उघड्या फरशीवर. सतरंजी फक्त बसायला आणि झोपायला. आणि मुलांसाठी अंक मोजणं बंद. तीन श्वास झाले की पाय खाली. छोटी चार-पाच वर्षांची असतील तर तेवढंही मागायचं नाही.

एका शिकवणाऱ्याला बारा मुलं आणि बारा मोठी माणसं, यापुढं जाऊ नका. पोट अगदी रिकामं हवं असा हट्ट लहानांच्या बाबतीत धरू नका. अर्धा कप दूध किंवा अर्धं केळं चालतं. भरपेट नाष्टा झाला असेल तर दोन-तीन तास जाऊ द्यावेत. आमच्याकडं वर्गानंतर पाळीपाळीनं एकेका घरचे पोहे येतात. मोठ्यांची हजेरी निम्मी त्या पोह्यांमुळं आहे, हे मी मान्य केलंय.

आता खरं सांगायचं ते. मुलं त्रास देत नाहीत, आईबाप देतात. वर्ग सुरू झाला की स्वतःचे हात अर्धवट वर धरून प्रत्येक आई शेजारी बघते आणि पुटपुटते, ‘गुडघा सरळ कर. तिकडं बघ. त्या ताईचं बघ किती छान येतंय.’ मूल आसन सोडून आईचा चेहरा वाचायला लागतं. मी पहिली दोन वर्षं गोड शब्दांत सांगून बघितलं, उपयोग शून्य. मग बसण्याची रचनाच बदलली. मुलं आतल्या गोलात, माझ्याकडं तोंड करून. मोठी बाहेरच्या गोलात, भिंतीकडं तोंड करून. त्यांना मीही दिसत नाही, मूलही दिसत नाही. फक्त आवाज ऐकून करायचं. पहिल्या दिवशी एक आजोबा म्हणाले, ‘आम्हाला शिक्षा केली का हो?’ मी म्हटलं, ‘हो, पंधरा मिनिटं.’ त्या पंधरा मिनिटांत पहिल्यांदा हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू आला.

दुसरी युक्ती अदलाबदलीची. चिठ्ठ्या टाकायच्या आणि आपलं मूल सोडून दुसऱ्याच मुलाबरोबर जोडी लावायची. दुसऱ्याच्या मुलाला कुणी ‘नीट कर’ म्हणत नाही. ‘वा, मला शिकव की’ म्हणतात! पण अदलाबदल फक्त न शिवता करायच्या गोष्टींत: आरशासारखी नक्कल, आवाज ऐकणं, गोष्ट सांगत आसनं करणं. पाठीला पाठ लावायची किंवा हात धरायचे असतील तर घरचंच माणूस. मी स्वतःही मुलाला न विचारता हात लावत नाही. ‘खांदा धरू का?’ विचारते, ‘नको’ आलं तर तोंडानं सांगते. हॉलची दारं उघडी ठेवायची. हे नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगावेत, म्हणजे पुढं कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

घरच्या जोडीसाठी माझ्या आवडीचं एकच सांगते. दोघांनी मांडी घालून पाठीला पाठ टेकून बसायचं, डोळे मिटले तरी चालतील, उघडे राहिले तरी चालतील. ढकलाढकली नाही. दुसऱ्याचा श्वास आपल्या पाठीला लागतो का, एवढंच बघायचं. बाप उंच आणि लेक चिमुकली असेल तर तिची पाठ त्याच्या कमरेच्या जरा वर येते, बिघडत नाही. ज्यांना मांडी जमत नाही त्यांनी उशीवर बसावं. गुडघेदुखीच्या आजीला प्लास्टिकची खुर्ची द्या, पण ती भिंतीला टेकवून. नातवानं मग खुर्चीशेजारी बसून आजीचा हात धरायचा.

‘माइंडफुलनेस’ हा शब्द मी वर्गात वापरत नाही. ‘सजगता’ही नाही, तो ऐकला की मुलांना निबंधाचा विषय वाटतो. माझं काम एका प्रश्नावर चालतं: लक्ष कुठंय? आता गंमत बघा, आपल्या घराघरांत हा प्रश्न नसतोच, ती ओरड असते. दूध उतू गेलं, ‘लक्ष कुठंय तुझं?’ गणित चुकलं, ‘लक्ष कुठंय?’ त्याला उत्तर द्यायचं नसतं, मान खाली घालायची असते. म्हणून मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा बाराच्या बारा मुलांनी मान खाली घातली. मला वाईटच वाटलं.

तो शब्द परत मिळवायला वेळ लागतो. मी करते ते असं. आसन थांबवायचं, साध्या आवाजात विचारायचं, ‘आत्ता या क्षणी लक्ष कुठं आहे?’ आणि पहिलं उत्तर आपण द्यायचं, खरं. ‘माझं पाठीत कळ आलीये तिथं आहे.’ मग एकेक निघतं. इडलीवर. कालच्या मॅचवर. दादानं चिमटा काढला तिथं. कुठल्याही उत्तराला ‘छान’ म्हणायचं नाही आणि ‘असं नाही’ही म्हणायचं नाही. ‘बरं’ म्हणायचं आणि पुढं जायचं. छान म्हटलंत की पुढच्या रविवारी सगळे ‘श्वासावर’ असं खोटं सांगतात. मुलांना शिक्षकाला हवं ते उत्तर फार लवकर कळतं. मोठ्यांना विचारलं की हमखास येतं, ‘गॅस बंद केला का आठवत होते.’ त्यावर मुलं इतकी हसतात, कारण आईचंही लक्ष जातं ही त्यांना बातमी असते.

लक्ष ठेवायला काहीतरी हातात लागतं. माझ्याकडं सासऱ्यांचे टाळ आहेत, ते वारीला न्यायचे. जोडीतल्या एकाची कड दुसऱ्याच्या कडेवर हलकेच टेकवली की नाद बराच वेळ रेंगाळतो. सांगायचं, ‘ऐकू यायचं थांबलं की हात वर.’ पहिल्या वेळी सगळे हात लगेच वर येतात, कारण आधी हात वर करणारा जिंकतो हे शाळेनं शिकवलेलं. काही बोलायचं नाही, परत वाजवायचं. चौथ्या-पाचव्या खेपेला हात उशिरा वर यायला लागतात. आमची मिरज तंतुवाद्यांची, त्यामुळं एका रविवारी ओळखीच्या घरातला तंबोरा आणला. चार तारा छेडल्या की त्यात पाचवं-सहावं काय काय ऐकू येतं, ते मुलांनी शोधायचं. एक मुलगी म्हणाली, ‘काकू, आत मधमाशी आहे.’ तारेखाली जवारीचा, म्हणजे तारेचा गुंजता नाद खुलवणारा, दोरा सरकवला की हीच मधमाशी जागी होते, तेही तिला दाखवलं. तंबोरा नसेल तर देवघरातली घंटा चालते.

श्वासाकडं वळताना ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणू नका. मुलं खांदे कानापर्यंत वर नेतात आणि छाती फुगवून लाल होतात. त्याऐवजी कागदी होडी. जुन्या वहीचं पान द्या आणि प्रत्येकाला आपापली होडी करायला सांगा. घड्या घालतानाच हॉल निम्मा शांत होतो. मग पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, होडी बेंबीवर. होडी वर जाते, खाली येते. बुडू द्यायची नाही. बस्स, एवढंच सांगायचं. श्वास आपोआप पोटात उतरतो आणि संथ होतो. दोन-तीन मिनिटं पुष्कळ झाली. मोठ्यांनाही होडी द्या. एक बाबा दर रविवारी इथंच झोपी जातात आणि घोरताना त्यांची होडी वादळात सापडते. त्यांना उठवायचं नाही, हा मुलांनी केलेला नियम आहे.

भ्रामरी मुलांना फार आवडते. ओठ मिटलेले, दात किंचित सुटे, कानांवर बोटं, आणि श्वास सोडताना भुंग्यासारखा गुणगुणाट. पाच वेळा. सर्दीनं नाक चोंदलं असेल त्या दिवशी नको. लाजणाऱ्या मोठ्यांसाठी सिंहासन: जीभ पूर्ण बाहेर, डोळे मोठे आणि डरकाळी. बँकेतल्या साहेबांनी एकदा जीभ काढली की पुढचा तास सोपा जातो.

कपालभाती, भस्त्रिका असे जोरजोरात श्वास घेण्या-सोडण्याचे प्रकार आणि श्वास रोखून धरणं मुलांना शिकवू नका. पालक आग्रह करतात, टीव्हीवर बघितलेलं असतं. मुलांना श्वास रोखायला सांगितला की त्याची शर्यत होते, आणि शर्यतीत चक्कर येईपर्यंत कोणी सोडत नाही. शीर्षासनही नको; एकानं केलं की घरी पलंगावर सगळे करणार, आणि मानेला इजा झाली की निस्तरता येत नाही. मी लोणावळ्याला कैवल्यधामात कोर्स केला. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी सुरू केलेली ती संस्था, योगाला प्रयोगशाळेत नेऊन मोजमाप करण्याची तिची परंपरा. तिथून आणलेली वही मोठ्यांसाठी भरपूर कामाची होती. मुलांचं मात्र मी इथंच, पडत-झडत शिकले.

सूर्यनमस्काराशिवाय आमच्या भागात वर्ग पुरा होत नाही. सातारा जिल्ह्यातलं औंध इथून फार लांब नाही, आणि तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार नेमानं सुरू केले होते, हे आजोबामंडळींना पाठ असतं. आजोबांच्या नमस्काराचे अंक, म्हणजे टप्पे, दहा. नातवंडांना शाळेत शिकवतात ते बारा. एकदा यावरून आजोबा-नातवाचं असं जुंपलं की मी दोघांना शेजारी उभं करून एकेक घालायला लावला. बाकीच्यांनी फरक कुठं पडतो ते शोधलं. तो दिवस फुकट सुचलेला सर्वांत चांगला धडा होता. रथसप्तमीला एकशेआठ घालण्याची हौस असते, मोठ्यांनी खुशाल घालावेत. मुलांना मी तीनच देते, पण थांबत थांबत. प्रत्येक अंकाला एक प्रश्न: आत्ता वजन कशावर आहे? तळव्यांवर, बोटांवर, छातीवर? आठ-नऊ वर्षांची मुलं यात रंगून जातात. पाच वर्षांची नाही. त्यांना बेडूक, मांजर, साप, उंट एका गोष्टीत गुंफून द्या आणि वीस मिनिटांत सोडा.

प्रात्यक्षिकांच्या भानगडीत शक्यतो पडू नका. एका शाळेत २१ जूनला, योगदिनी, मी मुलं बसवली होती. पाहुणे सव्वा तास उशिरा आले, मुलं मैदानात रांगेत ताटकळली, एका मुलीला घेरी आली. मग भाषणं झाली, आणि भाषणांत मनःशांतीबद्दल बरंच काही होतं.

मोठ्यांच्या तब्येती पहिल्याच दिवशी विचारून वहीत लिहा. रक्तदाब जास्त असेल, काचबिंदू असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डोकं खाली जाईल असं काही नको. गरोदर बाई आली तर डॉक्टरांना विचारून, आणि पोटावर दाब, पीळ, पालथं झोपणं टाळून. दम्याच्या मुलाचा पंप हॉलच्या खिडकीत, सगळ्यांना दिसेल असा.

अकरा-बारा वर्षांपुढची मुलं आईबापांसमोर आसनं करायला लाजतात, त्यात नवल नाही. त्यांना छोट्यांची गोष्ट सांगायचं काम द्या. पाळीच्या दिवसांत कुणी काय करायचं हे मी सगळ्यांना एकदाच सांगून ठेवलंय: ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी पडून राहा, कारण विचारणार नाही. मुलगेही याचा फायदा घेतात. घेऊ देत.

शेवटी तळहातावर ज्वारीच्या दोन लाह्या. एक नेहमीसारखी खायची. दुसरी जिभेवर ठेवून चावायची नाही, विरघळू द्यायची. कडा आधी जाते की मध्य, ते सांगायचं. एवढ्याशा लाहीवरून दहा मिनिटं भांडण चालतं.

घरचा अभ्यास एकच देते: कुकरची शिट्टी संपेपर्यंत ऐकायची, आणि दिवसातून एकदा घरातल्या कुणीतरी कुणालातरी ‘लक्ष कुठंय?’ असं न रागावता विचारायचं. मागच्या महिन्यात एक बाबा सतरंजी गुंडाळता गुंडाळता सांगत होते. गांधी चौकात गाडी थांबली होती, पुढं उभ्या सहा वर्षांच्या लेकीनं वळून विचारलं, ‘बाबा, लक्ष कुठंय?’ ते म्हणाले, ‘ऑफिसात गं.’ मग त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, ‘माझं त्या बैलाच्या शेपटीवर.’ पलीकडं उसाची बैलगाडी होती, ती त्यांना तोवर दिसलीच नव्हती.

सतरंज्या मात्र मोठ्यांनीच झटकाव्यात. मुलांच्या हाती दिल्या की त्यांचे तंबू होतात आणि पोहे गार होतात.