मियाटाचा खालचा बॉल जॉइंट बदलताना
माझदा एमएक्स-५ (म्हणजेच मियाटा) च्या पहिल्या मॉडेलला पुढचा खालचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडचा भाग सस्पेन्शनच्या खालच्या आर्मला जोडणारा गोल सांधा, बोल्टने बसवलेला असतो, म्हणजे तेवढाच बदलता येतो, पूर्ण आर्म घ्यायची गरज नाही. रबर बूट फाटून ग्रीस बाहेर आलेलं दिसलं की थांबू नका, जॉइंट सुटला तर चाकच आडवं पडतं. गाडी स्टँडवर घेऊन खालच्या आर्मखाली जॅक लावाच, स्प्रिंगचा सगळा जोर तिथेच असतो. जॉइंटच्या दांड्यावरचा नट काढून टाकू नका हं, दोन-तीन आटे सैल करून तसाच ठेवा आणि नकलच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) डोळ्यावर, म्हणजे तो दांडा ज्या भोकात बसतो तिथे, बाजूने हातोड्याचे दणके द्या, घट्ट बसलेला निमुळता दांडा (टेपर) टक्कन सुटतो. नट फिरू नये म्हणून असलेली स्प्लिट पिन नवीनच घाला, तिचं भोक नटच्या खाचेशी जुळत नसेल तर नट अजून घट्ट करा, सैल अजिबात नाही. मग चाकांची अलाइनमेंट करून घ्या.