पीएचडी करायचीय? विषय राहू दे, आधी गाईड शोधा

बहुतेक जण आधी विषय धरून बसतात, मग पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) नाहीतर नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा) देतात, आणि लिस्ट लागली की जो गाईड, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक, पदरात पडेल तो घेतात. माझंही तेच झालं, माझा विषय एक, सरांचा भलताच, दीड वर्ष नुसतं सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) बदलण्यात गेलं. म्हणून म्हणतो, उलट्या बाजूने सुरुवात करा.

शोधगंगा ही वेबसाइट उघडा, देशभरातले प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. गाईडच्या नावाने सर्च मारायचा आणि त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध काढायचे. रजिस्ट्रेशन कधी, पूर्ण कधी झालं ते बघा (तारखा कधीकधी भरलेल्या नसतात), प्रत्येकाला सात-आठ वर्षं लागलेली दिसली तर समजून जा. ऋणनिर्देशाचं पानही वाचा, हसू नका, सरांनी खरंच चॅप्टर तपासले असतील तर विद्यार्थी तसं नेमकं लिहितो, नाहीतर 'मोलाचे मार्गदर्शन लाभले' एवढ्यावर उरकतो. मग त्यातल्या एखाद्याला चहाला गाठा, खरं काय ते तिथेच कळतं.

फोन करून जागा आहे का ते आधीच विचारा, कारण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरला एका वेळी 8, असोसिएटला 6 आणि असिस्टंटला 4 च विद्यार्थी घेता येतात, आणि रिटायरमेंटला 3 वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवीन कोणीच नाही.

बाकी एमएला 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला 5 टक्के सूट. जेआरएफ (नेटमध्ये वरचे मार्क पडले की मिळणारी संशोधन फेलोशिप) नसेल तर नेटचा स्कोअर ॲडमिशनला 1 वर्षच चालतो, तो मिळाल्यावर गाईड शोधत बसलात तर वर्ष गेलंच. मुदत कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 6, वर 2 वर्षांचं एक्स्टेन्शन.

पैशाचं म्हणाल तर जेआरएफला महिन्याला 37,000 आहेत, ती नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या फेलोशिप देणाऱ्या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. फेलोशिप कुठलीही असो, घरभाडं तिच्या भरवशावर ठेवू नका.

आणि वाचलेलं त्याच दिवशी पान नंबरासकट टिपून ठेवा. मी आळस केला, सबमिशनच्या आठवड्यात एका अवतरणाचं पान सापडेना, लायब्ररीत गेलो तर पुस्तक बाइंडिंगला गेलेलं.