समुद्रतळाच्या गाळातून जुना पावसाळा वाचताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीत बसून समुद्रतळाच्या कोअरचे, म्हणजे तळात नळी घुसवून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यांचे, खुले आकडे अभ्यासणाऱ्यांसाठी हे लिहीत आहोत. आकडे बरोबर असूनही निष्कर्ष फसतो, कारण एका आकड्यात तीन-चार गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय ‘इथे पाऊस वाढला’ असं लिहू नका.

जवळचा समुद्र म्हणजे आपला समुद्र, हा समज

महादयी आणि मलप्रभा दोघी खानापूर तालुक्यातल्याच. महादयी भीमगडाकडून गोव्यात उतरून अरबी समुद्राला मिळते. मलप्रभा कणकुंबीहून पूर्वेला जाते, कूडलसंगमला कृष्णेत मिसळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. म्हणून सौंदत्ती-रामदुर्गच्या पावसाचा माग काढायचा तर गोव्यासमोरचा कोअर उपयोगाचा नाही, कृष्णेच्या मुखासमोरचा हवा. तिथेही जपून. अथणीकडच्या काळ्या मातीतलं स्मेक्टाईट हे चिकणमातीचं खनिज गाळात सापडलं, तरी तेवढ्यावरून तो कृष्णेचाच म्हणता येत नाही, कारण गोदावरीच्या खोऱ्याचाही मोठा भाग अशी काळी माती देणाऱ्या बेसाल्ट खडकाचाच. शिवाय हिडकल, नविलुतीर्थ, अलमट्टी या धरणांत आता बराच गाळ अडतो, त्यामुळे वरच्या थरातला गाळ कमी दिसला म्हणजे पाऊस घटला, असं धरू नका.

ऑक्सिजनचा आकडा थेट तापमान समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. १९५५ मध्ये संशोधक एमिलियानींनी फोरामच्या, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय समुद्री जीवांच्या, कवचातला ऑक्सिजन-१८ चा (जड ऑक्सिजनचा) बदल मुख्यतः तापमानाचा मानला. १९६७ मध्ये शॅकलटननी दाखवलं की त्यातला मोठा वाटा जमिनीवरच्या प्रचंड हिमथरांत अडकलेल्या पाण्याचा आहे. आपल्या समुद्रांत नद्यांच्या गोड्या पाण्याचा वाटा आणखी वेगळा.

हिशेब करून पाहा. समजा ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर या फोरामच्या कवचात ऑक्सिजन-१८ चं शेवटच्या हिमयुगाच्या ऐन थंडीतलं मूल्य आजच्यापेक्षा १.८ पर मिलने (हजारात १.८ ने) जास्त आहे. एका अंशाला साधारण ०.२२ धरून सगळं तापमानावर टाकलं, तर समुद्र ८ अंशांनी गार होता असं निघतं. आता बर्फाचा वाटा, सुमारे १.०, वजा करा. उरले ०.८. कवचातल्या, तापमानासोबत वाढणाऱ्या मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तराने गारठा २.५ अंश दाखवला, तर त्याचे ०.५५ गेले. उरलेले ०.२५ म्हणजे खारटपणा वाढला, पाऊस कमी. पण तापमानातली एका अंशाची चूकच ०.२२ ची, बर्फाच्या अंदाजातली आणि यंत्राची चूक धरली की एकूण चूकही ०.२५ च्या आसपास जाते. म्हणजे हाती ठोस काही लागलेलंच नाही. हा शेवटचा हिशेब अनेक जण करतच नाहीत.

कवचं नीट न धुणं

गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवा, ५० अंशांखाली वाळवा आणि एकाच आकाराची, म्हणजे २५० ते ३५० मायक्रॉनची कवचं निवडा. आकार बदलला की रसायनही बदलतं. मॅग्नेशियमसाठी कवचं दोन काचांमध्ये अलगद फोडायची, म्हणजे आत बसलेली चिकणमाती सुटते. मग शुद्ध पाणी आणि मिथेनॉल घालून अल्ट्रासोनिकमध्ये पुन्हा पुन्हा धुणं, शेवटी सेंद्रिय अंशासाठी अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साईड. कवचातलं मॅग्नेशियम तापमानाच्या दर अंशामागे सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे मातीतून आलेले १० टक्के म्हणजे एका अंशाची खोटी उष्णता. अ‍ॅल्युमिनियम किंवा लोह मॅग्नेशियमसोबत वर चढत असेल, तर तो नमुना बाद करा.

वय ठरवताना

समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असतो. रेडिओकार्बन वयातून ही वजावट केली नाही, तर थर काही शतकं जास्त जुना निघतो. रेडिओकार्बन वयाचं खऱ्या वर्षांत रूपांतर करायला मरीन१३ आणि नंतरचा मरीन२० असे समुद्रासाठीचे प्रमाण आलेख आहेत. जागेनुसार करायची दुरुस्ती मरीन१३ साठी काढलेली असेल, तर ती मरीन२० मध्ये जशीच्या तशी घालू नका. दोन्हींच्या मूळ वजावटीतच सुमारे दीडशे वर्षांचा फरक आहे.

दर सेंटिमीटरला नमुना घेतला म्हणून तपशील मिळतोच असं नाही. तळावरचे किडे वरचा सुमारे १० सेंटिमीटर गाळ ढवळतात. गाळ हजार वर्षांत २ सेंटिमीटर साचत असेल, तर पाच हजार वर्षांची सरमिसळ झालेली असते. तिथे शे-दोनशे वर्षांचे दुष्काळ शोधणं व्यर्थ. २० सेंटिमीटर साचत असेल, तर मात्र सरमिसळ पाचशे वर्षांवर येते.

धारदार तळ, खालून वर बारीक होत जाणारे कण आणि उथळ पाण्यातली कवचं एकत्र दिसली, तर तो उतारावरून घसरून आलेला टर्बिडाइटचा थर. ४० सेंटिमीटरचा असा थर एका दिवसातही साचू शकतो. वयाची रेघ ओढण्याआधी त्याची जाडी खोलीतून वजा करा, नाहीतर त्या भागात गाळ भराभर साचल्याचा आणि त्यावरून पाऊस वाढल्याचा भास होतो.

जुन्या कोअरचं वय पृथ्वीच्या कक्षेच्या २३ हजार वर्षांच्या आवर्तनाशी जुळवून ठरवलं असेल, तर त्यातच २३ हजार वर्षांचं मोसमी चक्र ‘सापडलं’ म्हणू नका. ते तुम्हीच घातलेलं असतं. तपासायला स्वतंत्र खूण घ्या. बंगालच्या उपसागरातल्या कोअरमध्ये सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख मिळाली, तर तो थर सुमारे ७४ हजार वर्षांवर बसतो का ते आधी पाहा.