कवितेचं पुस्तक हाताने शिवताय? या चुका टाळा

कवितेचं पुस्तक हाताने करायचं ठरलं की आपण आधी कागद आणायला धावतो. गडबड तिथेच होते. आधी कविता मोठ्याने वाचा, आवाज कुठे थांबतो ते पेन्सिलीने टिपा आणि पानाची रुंदी सगळ्यात लांब ओळीवरून ठरवा. मी उलटं केलं होतं. कागद देखणा, पण अरुंद. निम्म्या ओळींचा शेवटचा शब्द खाली घसरला आणि वाचणाऱ्याला वाटलं, कवीनेच ओळ तोडलीय. ओळ मोडावीच लागली, तर उरलेला शब्द चांगला आत सरकवून लिहा, म्हणजे ती नवी ओळ वाटत नाही.

पान उलटतानाही वाचणारा क्षणभर थांबतो. कडव्याच्या मधेच पान उलटावं लागलं की लय गेलीच. लांब कविता समोरासमोरच्या दोन पानांवर बसवा.

पानांचा क्रम हमखास चुकतो. दोन कागद एकात एक घालून दुमडले की आठ पानं होतात. बाहेरच्या कागदावर एका बाजूला ८ आणि १, दुसऱ्या बाजूला २ आणि ७. आतल्यावर ६ आणि ३, मग ४ आणि ५. शेजारच्या आकड्यांची बेरीज दर वेळी ९ यायला हवी. रद्दी कागदाची डमी करून बघितल्याशिवाय शाई उघडू नका.

घडीवर कागद तडकतोय, पुस्तक मिटल्यावरही आ वासून राहतंय? कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, आडवी गेली असणार. कागद दोन्हीकडून हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने कमी अडतो, त्याच दिशेने घडी घाला. साध्या ए-फोर कागदात तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे तो अर्ध्यात दुमडला की घडी नेमकी त्यांना छेदून जाते.

शिवताना सुई घडीवर टोचलेल्या मधल्या भोकातून घाला आणि दोरा कण्याच्या, म्हणजे घडीच्या, रेषेतच ताणा. वर ओढलात की भोक फाटलंच. मुखपृष्ठाचा पुठ्ठा वाकडा होतो तो एकाच बाजूला खळ लावल्याने. आतून अस्तराचा कागद चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. घाई केलीत तर पुठ्ठा पुन्हा वाकणार.

कडेने टोचून शिवणार असाल तर आतला समास दुप्पट सोडा, नाहीतर ओळींची सुरुवात शिवणीत जाते. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनने सुमारे आठशे कविता अशाच कडेला टोचून चाळीस पुस्तिकांत बांधल्या होत्या. १८८६ मध्ये ती गेल्यावर संपादकांनी दोरे सोडले आणि क्रम विस्कटला. पुढे अभ्यासक आर. डब्ल्यू. फ्रँकलिन यांनी सुईची भोकं आणि कागदावरचे डाग जुळवून तो पुन्हा लावला. त्या क्रमाने लावलेली आवृत्ती आली १९८१ मध्ये. तेव्हा शिवण्याआधी प्रत्येक घडीच्या आत, कण्यालगत, पेन्सिलीने बारीक क्रमांक टाकून ठेवा.