हातकामाचं पार्सल फुटलं तर विम्याचे पैसे कसे मिळवाल

कुंभारवाड्यातून पाठवलेली सुरई नागपूरला पोचेपर्यंत तडकली, की दावा तपासणारा आधी विचारतो, हिची किंमत एवढी कशावरून? कारखान्याच्या मालाला छापील किंमत असते, हातकामाला नसते. म्हणून पार्सल देण्याआधीच ग्राहकाचं बिल, यूपीआयची पावती आणि तशाच वस्तूच्या जुन्या विक्रीची बिलं एकत्र ठेवा. मजुरीचे तास लिहून ठेवलेत तर उत्तमच, पण झालेल्या विक्रीचा पुरावा त्याहून वजनदार.

कुरिअरच्या पावतीवर पूर्ण किंमत लिहा. विम्याचे थोडे पैसे वाचवायला निम्मी लिहिलीत, तर त्याहून जास्त मागता येत नाही. पावतीवर ‘ओनर्स रिस्क’ (म्हणजे नुकसानीची जोखीम माल पाठवणाऱ्याची) दिसलं, तर विमा खरंच उतरवलाय का ते काउंटरवरच विचारा.

पॅकिंगचा सलग व्हिडिओ काढा. घेणाऱ्यालाही आधी सांगा: खोका चेपलेला दिसला तर पोचपावतीवर तसा शेरा लिहूनच सही करा, तुकडे, खोका, बबल रॅप काहीही टाकू नका. खोका कचऱ्यात गेला, की ‘पॅकिंगच कच्चं होतं’ म्हणायला समोरच्याला मोकळं रान. महिनाभराची मेहनत अशी बुडू देऊ नका.

दावा त्याच दिवशी ईमेलने करा, नकाराचं कारण लेखी मागा. पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पोटापाण्यासाठी स्वतः वस्तू घडवून विकणारेही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ‘ग्राहक’ ठरू शकतात. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षं.