जॉनी डॉलर ऐकायचंय? खर्चाच्या बिलाकडं कान ठेवा

श्रुतिका ऐकत वाढलेले, परभणी आकाशवाणी लावून बसणाऱ्या घरांतले लई लोक आपल्या मराठवाड्यात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहायलोय. सीबीएस ह्या अमेरिकन रेडिओवर 1949 ते 1962 'युअर्स ट्रुली, जॉनी डॉलर' ही इंग्रजी श्रुतिकांची मालिका लागायची. जॉनी म्हणजे अमेरिकेतल्या हार्टफर्डचा विम्याचा तपासनीस, क्लेमवर कंपनीला संशय आला की ह्याला फोन.

पहिल्या भागापासून सुरू करू नका. जॉनीचं काम सहा नटांनी केलंय, तुम्ही थेट ऑक्टोबर 1955 ला जा, तिथं बॉब बेली येतो. नोव्हेंबर 1956 पर्यंत सोमवार ते शुक्रवार रोज 15 मिनिटं असायची आणि बहुतेक कथा एका आठवड्यात संपायची. अर्ध्या तासाच्या भागात गुन्हेगार घाईघाईत सापडतो, इथं मात्र विधवा, एजंट, हॉटेलवाला सगळ्यांना बोलायला जागा मिळते, म्हणून मला हेच भाग सगळ्यात भारी वाटतात. रोज रात्री एकच ऐका, पाचही सलग उरकू नका.

इंटरनेट आर्काइव्हवर भाग फुकट मिळतात, नेट बरं असलं की आठवडाभराचे एकदाच उतरवून ठेवा, लाइट गेली तरी अडत नाही. आवाज जुना आहे, त्यामुळं हेडफोन पाहिजेच.

आता इंग्रजीचं. स्पीड कमी करू नका, बेलीच्या आवाजातली सगळी मजा जाते, त्यापेक्षा पहिला भाग दोनदा ऐका अन् वहीत एवढंच लिहा, पॉलिसी कोणाची, रक्कम किती, नॉमिनी कोण. मग खर्च. अख्खी गोष्ट म्हणजे जॉनीनं कंपनीला दिलेलं टीए बिलच आहे, टॅक्सी, विमान, फोन, हॉटेल, एकेक आयटम तो आकड्यासकट सांगतो आणि बहुतेक वेळा तिथंच सीन बदलतो. मधी काही कळलं नाही तर घाबरून मागं जाऊ नका, पुढचा आयटम येऊ द्या, आपण कुठं आलो ते तोच सांगतो. आणि कोणता खर्च तो कंपनीच्या माथी मारतो ते नीट ऐका, माणूस तिथंच कळतो.

हे झालं की बेलीचे 1960 पर्यंतचे अर्ध्या तासाचे, मग मँडेल क्रेमरचे, शेवटचा भाग 30 सप्टेंबर 1962 चा. एडमंड ओब्रायनचा 1950 ते 52 चा जॉनी जास्त कडक आहे, तो नंतर. चार्ल्स रसेलचे 1949 चे अगदी शेवटी, त्यात जॉनी टिप म्हणून चांदीचे डॉलर फेकत फिरतो, बेलीची सवय झाल्यावर तो वेगळाच माणूस वाटतो.