सिम्युलेटरमध्ये विमानाच्या बिघाडांचा सराव कसा करावा

फ्लाइट सिम्युलेटरच्या सविस्तर ॲड-ऑन (वेगळ्याने जोडायच्या) विमानांमध्ये बिघाड निवडण्यासाठी स्वतंत्र पान असते आणि ते उघडल्यावर एकदम पाच-सहा खुणा करण्याचा मोह होतो. सुरुवातीला एका उड्डाणात एकच बिघाड ठेवावा, कारण दोन यंत्रणा एकाच वेळी निकामी झाल्या तर कोणते लक्षण कशामुळे दिसत आहे हे उमगत नाही. बिघाड लगेच, ठरावीक वेग किंवा उंची गाठल्यावर, अथवा अनिश्चित वेळी घडावा अशी सोय बहुधा असते. पहिल्या खेपेस वेळ आपल्याला ठाऊक असावी. कृती अंगवळणी पडल्यावर मात्र ती अनिश्चित ठेवावी, कारण बिघाड ओळखणे हा सरावाचा निम्मा भाग आहे.

उड्डाणापूर्वी रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीवरील हलता भाग) आपोआप सांभाळणारे साहाय्य बंद करावे. ते चालू राहिले तर इंजिन बंद पडल्यावर विमान एका बाजूला कसे ओढले जाते, हे कळतच नाही. इंधन आणि वजनही खऱ्या उड्डाणासारखे भरावे, कारण हलके विमान एका इंजिनावर सहज चढते आणि त्यातून चुकीचा आत्मविश्वास येतो.

एअरबस ए-३२० मध्ये व्ही-वन वेग (ज्यानंतर टेक-ऑफ थांबवता येत नाही तो) ओलांडल्यावर डावे इंजिन बंद पडले असे समजू. नाक डावीकडे वळू लागताच उजवा रडर देऊन धावपट्टीची मध्यरेषा धरावी, टेक-ऑफ चालू ठेवावे आणि रोटेशनच्या, म्हणजे नाक उचलण्याच्या, वेगाला ते नेहमीपेक्षा किंचित सावकाश उचलून सुमारे १२.५ अंशांवर न्यावे. विमान चढू लागल्याची खात्री झाली की चाके आत घ्यावीत. मुख्य डिस्प्लेवर वर दिसणारी घसरणीची (विमान बाजूला सरकत असल्याची) खूण अशा वेळी निळी होते. ती रडरने मध्यभागी आणावी. जमिनीपासून किमान ४०० फूट उंची येईपर्यंत, धोक्याचा इशारा कितीही वाजत असला तरी, विमान सांभाळण्यापलीकडे काहीही करू नये. त्यानंतर ईकॅमच्या, म्हणजे बिघाड आणि त्यावरील कृती दाखवणाऱ्या यंत्रणेच्या, पडद्यावरील ओळी क्रमाने वाचाव्यात. निकामी इंजिन पूर्णपणे बंद करण्यापूर्वी दोन्ही इंजिनांचे एन-वन (पुढच्या पंख्याच्या फिरण्याचा वेग) आणि तापमान ताडून पाहावे व कोणते इंजिन ते मोठ्याने उच्चारावे, कारण इथे दुजोरा द्यायला शेजारी दुसरा वैमानिक नसतो. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमधील केगवर्थजवळ कोसळलेल्या बोइंग ७३७ च्या वैमानिकांनी डाव्या इंजिनात बिघाड असताना उजवे इंजिन बंद केले होते आणि त्या अपघातात ४७ जणांचा मृत्यू झाला. ही पायरी घाईत उरकू नये.

मला त्याहून अवघड वाटतो तो सावकाश येणारा बिघाड. काट्यांची उपकरणे असलेल्या सेसना १७२ मध्ये व्हॅक्यूम पंप बंद पडला की ॲटिट्यूड इंडिकेटरचा (क्षितिजाच्या तुलनेत विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणाचा) हवेच्या ओढीवर फिरणारा जायरोस्कोप हळूहळू मंदावतो आणि क्षितिजरेषा नकळत कलते. ढगात असताना त्या रेषेवर विश्वास ठेवणारा वैमानिक स्वतःच विमान वळणात घालतो. म्हणून विजेवर चालणारा टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारे उपकरण), वेगमापक आणि उंचीमापक यांच्याशी सतत पडताळणी करावी, व्हॅक्यूमच्या मापकाकडे नजर टाकावी आणि संशय पक्का झाल्यास निकामी उपकरण झाकावे. मॉनिटरवर कागदाचा लहानसा तुकडा चिकटवला तरी पुरते, आणि नजर तिकडे किती वेळा वळते हे तेव्हाच ध्यानात येते.

पिटॉट नळी (वेग मोजण्यासाठी समोरून येणारी हवा घेणारी नळी) आणि तिचे निचरा छिद्र दोन्ही बुजले, तर वेगमापक उंचीमापकासारखा वागतो: चढताना वेग वाढलेला दिसतो, उतरताना घटलेला. अशा वेळी काट्याच्या मागे न लागता ठाऊक असलेला नाकाचा कोन आणि इंजिनाची शक्ती कायम ठेवावी.

उतरल्यावर रीप्ले पाहून पहिले लक्षण कधी दिसले आणि पहिली कृती कधी झाली, याची नोंद करावी. काही ॲड-ऑन विमानाची स्थिती जतन करतात. तेव्हा पुढील उड्डाणापूर्वी बिघाडांचे पान पुन्हा उघडून उरलेल्या सर्व खुणा काढाव्यात.